विश्लेषण : स्वर वाजवणे सोपे, थांबवणे अवघड… जॅझ व्हायब्राफोन शिकताना नेमके काय शिकावे लागते?

धातूच्या पट्टीवर काडी मारली की स्वर उमटतो. सूर लावायचा नाही, फुंकर साधायची नाही, बोटाने तार दाबायची नाही. पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला स्वच्छ आवाज देणारी वाद्ये फार नाहीत आणि व्हायब्राफोन त्यांपैकी एक आहे. तरीही या वाद्यावर जॅझ वाजवणाऱ्यांची संख्या सॅक्सोफोन, पियानो किंवा गिटार वाजवणाऱ्यांच्या तुलनेत अगदी कमी आहे. याचे एक कारण वाद्याची किंमत आणि आकार. दुसरे कारण वाद्याच्या स्वभावातच आहे. एकदा वाजलेला स्वर थांबवायचा कसा आणि हातात फक्त चार काड्या असताना कोणते स्वर सोडून द्यायचे, हे दोन प्रश्न वादकाला आयुष्यभर पुरतात.

हे वाद्य नेमके कसे असते?

व्हायब्राफोन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्यांचे, कमरेइतक्या उंचीचे वाद्य. प्रचलित वाद्यात तीन सप्तके आणि ३७ पट्ट्या असतात. मांडणी पियानो किंवा हार्मोनियमसारखीच, दोन रांगांत. वादकाच्या बाजूच्या रांगेत पांढऱ्या पट्ट्यांचे स्वर आणि पलीकडच्या रांगेत काळ्यांचे. झायलोफोन आणि मरिम्बा ही त्याची लाकडी भावंडे. लाकडाचा आवाज लवकर विरतो, धातूचा मात्र कित्येक सेकंद रेंगाळतो. व्हायब्राफोनचे सगळे सुख आणि सगळा त्रास या रेंगाळण्यात आहे.

प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांपासून साधारण २२ टक्के अंतरावर भोक असते आणि त्यातून दोरी ओवलेली असते. पट्टी कंप पावते तेव्हा या दोन जागा जवळपास स्थिर असतात, म्हणून दोरी तिथे असूनही आवाज दबत नाही. नवशिक्याचा हात नेमका याच जागी पडला तर आवाज पोचट येतो. पट्टीचा मधला भाग खालून कमानीसारखा खरवडून पातळ केलेला असतो, कारण सरळ पट्टीचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. कमान दिली की मुख्य उपस्वर बरोबर दोन सप्तके वर येऊन बसतो आणि आवाजाला ती ओळखीची घंटेसारखी स्वच्छता मिळते. पट्टीखाली तळाशी बंद असलेली नळी असते. ती आवाज भरदार करते. तिची लांबी त्या स्वराच्या ध्वनिलहरीच्या एकचतुर्थांश ठेवतात. ४४० हर्ट्झच्या स्वराला सुमारे साडेएकोणीस सेंटिमीटर नळी लागते.

नळ्यांच्या तोंडाशी गोल चकत्या असतात आणि एक मोटर त्या फिरवते. चकती नळीचे तोंड उघडते-झाकते तसा आवाज लहान-मोठा होतो आणि स्वर हेलकावे घेतल्यासारखा वाटतो. वाद्याचे नाव या हेलकाव्यावरून पडले, पण ते थोडे फसवे आहे. गायकाच्या किंवा व्हायोलिनच्या व्हायब्राटोत स्वराची उंची हलते. इथे उंची तशीच राहते, हलतो तो फक्त आवाजाचा जोर.

सगळ्यात खाली असते पायाने दाबायचे पॅडल. ते सोडलेले असते तेव्हा दोन रांगांच्या मधून जाणारी फेल्टची लांब पट्टी सगळ्या स्वरांना टेकून त्यांना गप्प ठेवते. पॅडल दाबले की फेल्ट खाली जातो आणि स्वर मोकळे होतात.

जॅझमध्ये ते आले कसे?

एका अर्थी अपघातानेच. १९२०च्या दशकात अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील लीडी कंपनीने मोटर आणि चकत्यांचे असे वाद्य बाजारात आणले ते रंगमंचीय करमणुकीच्या कार्यक्रमांतील नवलाई म्हणून. शिकागोच्या डीगन कंपनीने १९२७ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पॅडल असलेली आवृत्ती काढली. आजचे वाद्य त्याच घडणीचे आहे.

१९३० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लुई आर्मस्ट्राँग यांचे ध्वनिमुद्रण सुरू असताना स्टुडिओत एक व्हायब्राफोन होता. ड्रमवादक लायोनेल हॅम्प्टन यांनी तो ‘मेमरीज ऑफ यू’ या गाण्यात वाजवला. जॅझमधील व्हायब्राफोनची कथा सहसा इथूनच सांगितली जाते. पुढे १९३६ मध्ये हॅम्प्टन बेनी गुडमन यांच्या चौकडीत आले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांनी एकाच मंचावर बसून वाजवणे ही त्या काळच्या अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती. तेव्हा हे वाद्य अशा चौकडीत होते, ही नोंद वादनाच्या तंत्राइतकीच महत्त्वाची आहे.

हॅम्प्टन ड्रमवादक होते आणि त्यांचे वादनही तसेच, लयीत घोडदौड करणारे. झायलोफोनवरून आलेले रेड नॉर्वो यांचा हात मात्र हलका आणि नाजूक होता. प्रत्येक मोठ्या वादकाने या वाद्याला आपल्या आधीच्या वाद्याची सवय लावली.

दोन काड्या की चार?

व्हायब्राफोन शिकणाऱ्यापुढचा हा पहिला मोठा प्रश्न. काडीला मॅलेट म्हणतात. तिचा दांडा बहुधा वेताचा आणि डोके रबराचे, त्यावर दोरा गुंडाळलेला. दोऱ्याचा घट्टपणा बदलला की वाद्याचा आवाजही बदलतो.

दोन काड्यांचे सर्वात मोठे नाव मिल्ट जॅक्सन. १९२३ मध्ये डेट्रॉइटला जन्मलेल्या जॅक्सन यांनी तरुणपणी गॉस्पेल गायले होते आणि त्यांच्या वादनात ते गाणे कायम ऐकू येते. १९५२ मध्ये आकाराला आलेल्या ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’मध्ये पियानोची बाजू जॉन लुइस सांभाळत, त्यामुळे जॅक्सन यांना सुरावट गाण्यासाठी मोकळे रान मिळाले. त्यांनी मोटरचा वेग हॅम्प्टनपेक्षा बराच कमी ठेवला. त्यामुळे स्वराचा हेलकावा थरथरीऐवजी श्वासासारखा संथ झाला. ब्लूजची एखादी छोटी तान घ्यायची, शेवटचा स्वर पॅडलवर सोडायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचे, ही त्यांची पद्धत. धातूची पट्टी गाऊ शकते, हे त्यांनी दोन काड्यांत दाखवले.

चार काड्यांचे सर्वात मोठे नाव गॅरी बर्टन. जन्म १९४३, इंडियाना राज्यातील अँडरसन. ज्या राज्यात हे वाद्य बाजारात आले त्याच राज्यातला हा मुलगा. लहान गावात बरोबर वाजवणारे कुणी नव्हते. एकट्याने दोन काड्यांवर सुरावट वाजवली की वादन रिकामे वाटे, म्हणून बर्टन यांनी दोन्ही हातांत दोन-दोन काड्या धरून साथही स्वतःच भरायला सुरुवात केली. १९६०च्या दशकात सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्या चौकडीत त्यांना पियानोची जागा मिळाली आणि गरजेतून आलेले हे तंत्र व्यावसायिक मंचावर सिद्ध झाले. १९७१ च्या सुमारास त्यांचे एकल वादन ‘अलोन अ‍ॅट लास्ट’ या ध्वनिमुद्रिकेत आले आणि तिला ग्रॅमी मिळाला. त्याच काळात ते बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. पुढच्या पिढ्यांवर त्यांचा जो ठसा आहे त्यात या अध्यापनाचा वाटा मोठा आहे.

चार काड्या धरण्याच्या पद्धतीलाच आता ‘बर्टन ग्रिप’ म्हणतात. आतली काडी अंगठा आणि तर्जनी यांच्यात, बाहेरची तर्जनी आणि मधले बोट यांच्यात आणि दोन्ही दांडे तळहातात एकमेकांना छेदून जातात. शेवटची दोन बोटे हा जोड घट्ट धरून ठेवतात. सुरुवातीचे काही आठवडे बोटांच्या बेचक्यात कातडी सोलवटते आणि बाहेरची काडी मनासारखी ऐकत नाही. दोन काड्यांमधले अंतर अंगठा आणि तर्जनीने उघडायचे-मिटायचे असते. शेजारच्या दोन पट्ट्यांपासून जवळपास सप्तकापर्यंत आणि तेही न बघता. बर्टन यांनी बहुतेक वेळा मोटर बंदच ठेवली. हेलकावा नको, स्वर नितळ हवा, कारण चार स्वर एकत्र वाजताना प्रत्येकाची कड स्पष्ट ऐकू आली पाहिजे.

हे दोघे म्हणजे दोन टोके, असे मानून शिकणाऱ्याने एकाची निवड करावी असे मात्र नाही. १९६४ मध्ये एरिक डॉल्फी यांच्या ‘आउट टू लंच’मध्ये वाजवणारे बॉबी हचरसन दोन्ही वाटांनी गेले. चार काड्यांनी पाया तयार करून एकल वादनाच्या वेळी दोनच वापरणारे वादकही पुष्कळ आहेत.

पॅडल असताना स्वर थांबवणे अवघड का?

कारण पॅडल सगळ्यांना एकच न्याय लावते. दाबले तर सगळे स्वर मोकळे, सोडले तर सगळे बंद. हलके दाबून मधली अवस्था साधता येते, पण एक स्वर ठेवून दुसरा बंद करणे पायाला जमत नाही. पियानोत हा प्रश्न येत नाही. तिथे पायाचे पॅडल न वापरताही बोट पट्टीवर आहे तोवर तो एक स्वर वाजत राहतो आणि बोट उचलले की थांबतो. व्हायब्राफोनच्या वादकाचा हात आघातानंतर पट्टीपासून सुटलेला असतो.

मध्यम गतीचा, मिनिटाला १२० मात्रांचा तुकडा घेतला तर चार मात्रांचे एक आवर्तन दोन सेकंदांत संपते. त्यात आठ स्वर वाजवले आणि पॅडल दाबलेलेच राहिले, तर आठवा स्वर येतो तेव्हा पहिलाही ऐकू येत असतो. सुरावटीचा चिखल होतो. पॅडल पूर्ण सोडून वाजवले तर आवाज टकटक, तुटक येतो. म्हणून पहिला धडा पायाचा. नवा स्वर वाजतो त्याच क्षणी पॅडल सोडून पुन्हा दाबायचे, म्हणजे जुना स्वर कापला जातो आणि नवा मोकळा होतो. क्षणभर लवकर सोडले तर मध्ये फट पडते, उशीर झाला तर जुना स्वर नव्यावर सांडतो. हे सारे उभ्याने करायचे असते. एक पाय पॅडलवर गुंतलेला, त्यामुळे शरीराचा भार दुसऱ्या पायावर आणि हात मात्र तीन सप्तकांवर फिरते.

दुसरा धडा काडीने स्वर दाबण्याचा. याला डॅम्पिंग म्हणतात आणि व्हायब्राफोनवादनाची खरी परीक्षा इथे होते. समजा पांढरी एकचा सा धरला आणि सा-ग-प-नी हे चार स्वर एकत्र वाजत आहेत. त्यावर सुरावट म वरून ग वर उतरते आहे. म थोडा वेळच हवा आहे. ग आल्यानंतरही म घुमत राहिला तर दोन्ही शेजारचे स्वर एकमेकांवर घासतात. पॅडल सोडले तर खालचे सा-प-नीही गेले. उपाय एकच. एका काडीने ग वाजवायचा आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या काडीचे डोके म च्या पट्टीवर टेकवून तिला गप्प करायचे, बाकीचे स्वर तसेच घुमत ठेवायचे. टेकवताना जोर जास्त झाला तर ‘टक्’ असा आवाज येतो, कमी झाला तर स्वर उरतो.

म्हणजे प्रत्येक हाताला दोन कामे आली. एक वाजवण्याचे, एक मिटवण्याचे आणि दोन्ही वेगवेगळ्या पट्ट्यांवर. डेव्हिड फ्रीडमन यांनी १९७३ मध्ये केवळ पॅडल आणि डॅम्पिंग या विषयावर एक अभ्यासपुस्तक लिहिले. त्यात कोणता स्वर कुठे दाबायचा हे फुलीच्या खुणेने दाखवले आहे. ते आजही शिकवले जाते. स्वर वाजवायचे चिन्ह जितके, जवळपास तितकीच फुल्यांची गर्दी असलेले पान पाहिले की या वाद्याची अडचण एका नजरेत कळते.

मींडेसारखे काही या वाद्यावर होते का? जवळपास नाही. एका कडक काडीचे डोके पट्टीच्या स्थिर जागेवर दाबून, दुसऱ्या काडीने पट्टी वाजवायची आणि दाबलेली काडी मध्याकडे सरकवायची, अशी एक युक्ती आहे. त्याने स्वर थोडासा खाली झुकतो. वर चढत मात्र नाही. बर्टन यांनी ती वापरली आहे, पण ती चवीपुरतीच.

चार काड्यांत हार्मनी कशी बसवायची?

रागसंगीताच्या कानाला जॅझमध्ये सर्वात परकी वाटणारी गोष्ट म्हणजे हार्मनी. रागात षड्ज स्थिर असतो, तंबोरा त्याची आठवण देत राहतो. जॅझच्या गाण्यात खालचा आधारच दर एक-दोन आवर्तनांनी बदलतो. एका वेळी एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाला कॉर्ड म्हणतात आणि कॉर्ड कोणत्या क्रमाने येतात यावर गाण्याचा सांगाडा उभा राहतो.

जॅझमध्ये पुन्हा पुन्हा येणारा तीन कॉर्डचा एक क्रम आहे. पांढरी एकच्या सप्तकात तो असा : रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म आणि शेवटी सा-ग-प-नी. पहिला थोडा अधांतरी, दुसरा ताण वाढवणारा, तिसरा घरी पोहोचवणारा. शेकडो गाण्यांत हा क्रम वेगवेगळ्या पट्टीत येतो. त्यामुळे तो बाराही पट्ट्यांत हातात बसवणे हा अभ्यासाचा पाया.

आता गंमत अशी की हे चारही स्वर जसेच्या तसे वाजवले तर वादन शाळकरी वाटते. तळाचा स्वर बासवादक वाजवतोच, तो पुन्हा कशाला? कॉर्डची ओळख ठरवतात ते तिसरा आणि सातवा हे दोन स्वर. पहिल्या कॉर्डमध्ये ते म आणि सा आहेत, दुसऱ्यात नी आणि म, तिसऱ्यात ग आणि नी. हे तीन टप्पे शेजारी ठेवून पाहावेत. सा एक पायरी उतरून नी होतो, म जागेवरच राहतो. पुढच्या टप्प्यात नी जागेवर राहतो आणि म एक पायरी उतरून ग होतो. प्रत्येक वेळी एकच स्वर हलतो, तोही अगदी अर्ध्या पायरीने. इतक्या छोट्या हालचालीत कॉर्डचा सगळा प्रवास सांगून होतो. ज्याला हे एकदा ऐकू आले, त्याला जॅझची हार्मनी पाठांतराचा विषय वाटत नाही.

पण व्हायब्राफोनवर इथे एक खड्डा आहे. वाद्यातला सर्वात खालचा स्वर मंद्र सप्तकातला म आहे. म खाली आणि सा वर अशी मांडणी तिथून सुरू केली, तर तिसऱ्या कॉर्डला म उतरून ग वर जायला पट्टीच उरत नाही. वाद्य संपलेले असते! पियानोवादकाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या डाव्या हाताला अजून दोन सप्तकांहून जास्त जागा असते. म्हणून व्हायब्राफोनवादक मांडणी उलटी करतो. सा खाली आणि म वर.

उरलेल्या दोन काड्यांत रंगाचे स्वर येतात. उदाहरणार्थ, पहिला कॉर्ड सा, म, ध आणि तार सप्तकातला ग. दुसरा मंद्र नी, म, ध आणि तोच तार ग. तिसरा मंद्र नी, ग, ध आणि तार रे. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना चारपैकी एकच काडी हलते. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना दोन. ध तर तिन्ही वेळा जागचा हलत नाही. प्रत्येक हातातल्या दोन काड्यांमधले अंतरही चार-पाच स्वरांच्या आसपासच राहते, जे मनगटाला झेपते. एकाही कॉर्डमध्ये त्याचा मूळ स्वर नाही, तरी बासची साथ असेल तर कानाला काही कमी जाणवत नाही.

इथे पुन्हा डॅम्पिंग आडवे येते. सा उतरून नी झाला, पण सा अजून घुमतो आहे. दोघे शेजारचे, म्हणून आवाज गढूळ. एकतर पॅडल बदलून चारही स्वर नव्याने वाजवायचे, नाहीतर नी वाजवून क्षणार्धात तीच काडी शेजारच्या सा वर टेकवायची. पहिल्या पद्धतीत ठोका ऐकू येतो, दुसरीत फक्त एक स्वर सरकल्यासारखा वाटतो. हार्मनीचा अभ्यास आणि हाताचा अभ्यास या वाद्यावर वेगळा करता येत नाही तो यामुळे.

मग उत्स्फूर्त वादन कुठून येते?

जॅझमध्ये गाण्याची मूळ सुरावट एकदा वाजवून झाली की त्याच कॉर्डच्या क्रमावर वादक नवी सुरावट रचत जातो. वर सांगितलेल्या तीन कॉर्डवर तिन्ही वेळा तेच सात शुद्ध स्वर चालतात. पण विसावण्याच्या जागा बदलतात. राग एकच राहावा आणि न्यासाचे स्वर मात्र दर आवर्तनाला बदलावेत, असे काहीसे. तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, कारण पुढे सप्तकच बदलते. जेरोम कर्न यांचे १९३९ चे ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे गाणे एका फेरीत अनेक पट्ट्यांतून फिरून येते. जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये तर दूरदूरच्या तीन पट्ट्या काही मात्रांच्या अंतराने येतात आणि तेही भन्नाट वेगात.

व्हायब्राफोनवर यात आणखी एक सापळा आहे. पट्ट्या समोर दिसतात, त्यामुळे हात ओळखीच्या आकृत्यांवर जातो आणि कान मागे राहतो. गायक किंवा सॅक्सोफोनवादकाला श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्यांच्या वादनात वाक्ये पडतात. काडीला श्वास लागत नाही. नवशिका वादक म्हणून थांबतच नाही. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे जे वाजवायचे ते आधी किंवा सोबत गुणगुणणे. गळ्यातून निघत नाही ते हातातूनही काढायचे नाही, एवढा नियम काही महिने पाळला तरी वादनात विराम येऊ लागतात.

दुसरा उपाय ध्वनिमुद्रणांवरून कानाने उतरवून घेण्याचा. सुरुवातीला मिल्ट जॅक्सन यांचे ब्लूज उत्तम, कारण त्यांत स्वर कमी आणि म्हणणे जास्त आहे. ‘बॅग्ज ग्रूव्ह’ ही त्यांची रचना अवघ्या बारा आवर्तनांची आहे. फक्त स्वर उतरवून भागत नाही. कोणता स्वर किती लांबवला आणि कुठे कापला, हेही लिहून काढावे लागते. बहुतेक विद्यार्थी इथे आळस करतात आणि मग सगळे स्वर बरोबर असूनही वादन जॅक्सनसारखे का वाटत नाही, असा प्रश्न विचारतात.

रोजचा रियाज कसा असतो?

वेगाचा नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. एक जुना व्यायाम असा : पॅडल पूर्ण दाबून ठेवायचे आणि सप्तक चढत जायचे. डाव्याने सा, उजव्याने रे आणि रे वाजतो त्या क्षणी डावी काडी सा वर टेकवायची. मग डाव्याने ग, त्याच क्षणी उजवी रे वर. अशा रीतीने कोणत्याही क्षणी एकच स्वर ऐकू आला पाहिजे. मिनिटाला ५० च्या संथ लयीतही पहिल्या आठवड्यात हे धड जमत नाही. जमू लागले की तेच उतरताना, मग काळ्या पट्ट्यांसह, मग एक हात कॉर्ड धरून असताना.

चार काड्यांचा व्यायाम वेगळा. दोन काड्यांमधले अंतर न बदलता मनगट हलवणे, मग एकच काडी हलवून दुसरी स्थिर ठेवणे. आतली काडी लवकर ऐकते, बाहेरची नाठाळ असते. मेट्रोनोमचा ठोका पहिल्या-तिसऱ्या मात्रेऐवजी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरणे ही जॅझची सर्वमान्य सवय. त्याने लयीचा झोका अंगात येतो.

शेवटी गाणे. एकट्याने एक संथ गाणे घ्यायचे, उजव्या बाहेरच्या काडीत सुरावट, बाकीच्या तिघींत हवे तेवढेच कॉर्ड. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकले की पाय कुठे उशिरा उठतो ते लगेच समजते. वाजवताना ते कधीच समजत नाही, कारण समोर उभ्या असलेल्या वादकाला आघात मोठा ऐकू येतो आणि मागची घुमार कमी.

आपल्याकडे हे वाद्य कुठे ऐकू येते?

नाव माहीत नसले तरी आवाज बहुतेकांनी ऐकलेला आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात, विशेषतः १९५० ते १९७०च्या दशकांत, व्हायब्राफोनचा मुक्त वापर झाला. रात्रीचे क्लब, धुके, स्वप्नदृश्ये यांच्या पार्श्वसंगीतात तो हमखास असे. तालवाद्यांपासून व्हायब्राफोन आणि अ‍ॅकॉर्डियनपर्यंत अनेक वाद्ये हाताळणारे केर्सी लॉर्ड यांच्यासारखे वादक त्या स्टुडिओंत होते. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या संगीतकारांनी वाद्यवृंदासाठी हार्मनी लिहिली. त्याआधी १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या नृत्यदालनात परदेशी जॅझ वाद्यवृंद वाजवत आणि त्यांच्याकडून गोव्याचे वादक शिकत होते. मात्र चित्रपटातले व्हायब्राफोन हे बहुधा लिहून दिलेले दोन-चार आवर्तनांचे तुकडे. उत्स्फूर्त जॅझ वादन ही वेगळी गोष्ट आणि ती इथे फार रुजली नाही.

शिकायचे तर आज काय वाट आहे? नवे व्यावसायिक वाद्य काही लाख रुपयांच्या घरात जाते, ते मागवावे लागते आणि लहान घरात ते ठेवायला जवळपास पलंगाएवढी जागा लागते. म्हणून बहुतेकांचा अभ्यास इतर वाद्यांवरून सुरू होतो. हार्मनीचा भाग साध्या की-बोर्डवर पूर्ण करता येतो. वर दिलेले तीन कॉर्ड तिथे आजही वाजवून पाहता येतील. उत्स्फूर्त वादनाच्या पायाभूत गोष्टी ऑनलाइन शिकता येतात. बर्टन यांनीच २०१३ मध्ये बर्कलीतर्फे कोर्सेरावर तसा अभ्यासक्रम शिकवला होता. काड्यांची पकड उशीवर किंवा रबरी पॅडवर घटवता येते आणि मनगटाची पहिली काही महिन्यांची तयारी त्यावर होऊन जाते. पाय आणि डॅम्पिंग एवढे दोनच विषय मात्र उरतात आणि त्यांसाठी घुमणाऱ्या पट्ट्या समोर लागतात. ज्यांना एखाद्या संगीतशाळेत किंवा स्टुडिओत आठवड्यातून तासभर वाद्य मिळते, त्यांनी तो तास वेगवान ताना वाजवण्यात घालवू नये. पॅडल दाबून संथ सप्तक आणि प्रत्येक स्वरामागे एक फुली, यात तो सहज संपतो.